पाडव्याला अख्खं घर नटवायचंय? सुरुवात घरातल्या सगळ्यात नाजूक स्किनपासून करा

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा आमच्या डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानने सुरू केली, आता ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक सगळीकडे निघते आणि परदेशातली मराठी मंडळंही काढतात. आमच्या घरातले आठजण दरवर्षी फडके रोडला असतात. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, माझी नऊ वर्षांची लेक, दीर, जाऊ आणि त्यांचं दीड वर्षाचं पिल्लू. माझं पार्लर वगैरे काही नाही, पण गेली अकरा वर्षं या सगळ्यांना नटवायचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून आवडतं. यंदा दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की आम्हाला पण असं सगळ्यांचं मॅचिंग करायचंय पण कुठून सुरू करू कळत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली काही वर्षं मी सगळं उलटं करायचे. आधी माझी साडी, माझी लिपस्टिक ठरायची आणि मग त्याला मॅच होईल असं बाकीच्यांना, आणि लावायचं कशाने तर माझ्याच डब्यातल्या सामानाने. पुढे रस्त्यावरच्या मेंदीने लेकीच्या हातावर फोड आले, रोजच्या टिकलीने सासूबाईंच्या कपाळावर पांढरा डाग पडला, तेव्हा डोळे उघडले. आता माझा एकच नियम आहे, घरात ज्याची स्किन सगळ्यात नाजूक त्याच्यापासून ठरवायला सुरुवात करायची, म्हणजे बाळ आणि आजी. त्यांना काय चालतं ते आधी, मग त्यावर बाकीच्यांचं. आणि घर एकसारखं दिसतं ते रंग, कापड, फुलं, कपाळावरची खूण यांनी, सगळ्यांनी एकच मेकअप फासल्याने नाही, हे एकदा पटलं की अर्धं टेन्शन जातं.

तीन आठवडे आधी: वही काढा

खरंच एक साधी वही घ्या आणि प्रत्येकाच्या नावाने एक पान करा. कोणाला कशाची ॲलर्जी, कोणाला दमा, कोणाला डायबिटीस, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, कोण लेन्स लावतं, कोण प्रेग्नंट आहे, कोणाला इमिटेशन ज्वेलरीने कान चिघळतात. आपल्याला वाटतं घरच्यांचं सगळं माहीत असतं पण तसं नसतं, माझ्या सासऱ्यांना अत्तराने शिंका सुरू होतात हे मला सहाव्या वर्षी कळलं कारण ते बोललेच नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्याला काजळ-लायनर कधीपासून चालेल ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, स्वतः ठरवू नका. प्रेग्नंट असेल तर रेटिनॉलवाली क्रीम सध्या बाजूला.

रंग कसा ठरवायचा

घरातली एक साडी निवडा, शक्यतो सगळ्यात मोठ्या बाईची, आणि तिच्यातनंच सगळ्यांचे रंग काढा. आमच्याकडे सासूबाईंची जुनी पैठणी आहे, राणी रंगाची, मोरपंखी काठ आणि पदरावर मोर. मग तीन रंग मिळाले, राणी, मोरपंखी आणि जरीचा सोनेरी. सासूबाई पैठणीत, मी मोरपंखी नऊवारीत, जाऊ सोनेरी-पिवळ्या इरकलीत, लेकीला राणी रंगाच्या खणाचं परकर-पोलकं, पुरुषांना ऑफ व्हाइट कुर्ता-धोतर आणि डोक्याला राणी फेटे. बाळाला मऊ सुती झबलं, फक्त खणाची बारीक पट्टी बाहेरच्या बाजूने, आत जर किंवा टोचणारी शिवण अजिबात नको. कोणीही सेम टू सेम नाही तरी लांबून बघितलं की एक घर दिसतं.

सगळ्यांना एकच रंग घातला की फोटोत सगळे एकमेकांत मिसळून जातात, म्हणून मी तो प्रकार सोडून दिला. शिवाय एकच रंग आठजणांना शोभत नाही. लिपस्टिकचं पण तसंच, एक कुटुंब म्हणून शेड एका घराण्यातल्या घ्या, पण प्रत्येकीची वेगळी. सासूबाईंना विटकरी, मला मरून, जाऊ गोरीपान नाही, छान सावळी आहे, तिला राणीतली गडद शेड इतकी सुंदर दिसते की बास. बेस म्हणजे फाउंडेशन लावताना रंग उजळवायच्या भानगडीत पडूच नका, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा, जी शेड गायब होते ती तुमची.

सामानाचा डबा रिकामा करा

हे काम कंटाळवाणं आहे पण यातच खरी सेफ्टी आहे. सगळा मेकअप पेपरवर ओता. मस्कारा आणि लिक्विड लायनर उघडून सहा महिने झाले असतील तर सरळ फेकून द्या, भरलेलं दिसलं तरी. पॅकवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. फाउंडेशनचं तेल वेगळं झालं असेल, लिपस्टिकला खवट वास येत असेल तर तारीख बघायची पण गरज नाही, टाका.

मग लेबल वाचा. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम २०२० आहेत, त्यानुसार बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, आत काय काय आहे ते, हे सगळं लिहिलेलं असावं लागतं, बाहेरच्या देशातलं असेल तर आणणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. यातलं काहीच नाही, नुसती चकचकीत डबी, तर कितीही स्वस्त असो, नको.

आणि लग्नसराई-सण आले की "सात दिवसांत ग्लो" म्हणून ज्या बिनालेबलच्या गोरं करणाऱ्या क्रीम हातोहात विकल्या जातात त्यांच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अशा क्रीममध्ये पारा निघतो. नियमाने चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारा दहा लाखात एक भागाच्या वर चालत नाही. अकोल्यात एका घरातल्या तिघींच्या किडन्यांना अशाच क्रीमने त्रास झाला, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कारण सापडलं, पेपरात सगळीकडे आलं होतं. क्रीम आणलं एकीने, वापरलं तिघींनी. घरात एकीने आणलेली वस्तू सगळ्या जणी वापरतात, आपल्या सगळ्यांच्या घरी हेच होतं ना, म्हणून घरात येणारी नवीन डबी आधी एकाने तरी नीट वाचलीच पाहिजे.

मेंदी: इथे घाई करू नका

लेक पाच वर्षांची असताना सणाच्या गर्दीत रस्त्यावरच्या एका स्टॉलवर तिने हट्ट केला आणि मी मेंदी काढून दिली. अर्ध्या तासात काळाभोर रंग आला, आम्ही खूश, वा काय रंगलीय. आठवड्याभराने नक्षी जिथे होती तिथेच, अगदी त्याच आकारात लाल पुरळ आणि मग पाण्याचे फोड. मोराची चोच कुठे होती ते फोडांवरून दिसत होतं. स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, ही ब्लॅक मेंदी, यात पीपीडी असतं.

पीपीडी म्हणजे पॅराफिनायलिनडायअमिन, केसांच्या काळ्या डायमध्ये असतं ते, स्किनवर असं थेट काढायला नसतंच. आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की तो आयुष्यभर राहतो, म्हणजे माझी लेक उद्या पन्नाशीत केसांना डाय लावेल तेव्हाही तिला सांभाळायला लागणार. तिच्या पानावर हे मी लाल पेनाने लिहून ठेवलंय.

ओळखायचं कसं, तर खरी मेंदी काढल्यावर आधी केशरी दिसते आणि २४ ते ४८ तासांत हळूहळू गडद होत तपकिरी-लालसर होते. तासाभरात काळा कुळकुळीत रंग आला तर समजा गडबड आहे. दुसरी खूण, ताजी भिजवलेली मेंदी बाहेर फार दिवस टिकत नाही, फ्रीजरमध्ये ठेवावी लागते, मग दुकानात उन्हात महिनोन्महिने लटकणारा बिनालेबलचा कोन कसा टिकतो याचा विचार करा. म्हणून रंग यायला हवा असेल तर पाडव्याच्या दोन दिवस आधी काढायची, आदल्या रात्री नाही. मी राजस्थानातल्या सोजतची मेंदी पावडर आणून घरीच भिजवते, मोठ्यांच्या मेंदीत साखर, लिंबू, थेंबभर निलगिरी, लेकीच्या वाटीत फक्त पाणी आणि साखर. रंग जरा फिका येतो, येऊ दे.

बाळाला मेंदी अजिबात नाही, खरी सुद्धा नाही. काही मुलांमध्ये जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना साध्या मेंदीनेही रक्तातल्या लाल पेशी फुटायचा धोका असतो आणि आपल्या बाळाला ते आहे का हे बहुतेकांना माहीत नसतं. इतक्याशा तळहातावर एक ठिपका नसला तर सणाचं काही बिघडत नाही.

पॅच टेस्ट आणि पार्लरची कामं

जे काही नवीन आणलंय, फाउंडेशन असो, सनस्क्रीन असो की अष्टगंध, ते कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडंसं लावून ४८ तास बघायचं. केसांच्या डायला तर दर वेळी, गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेलच असं नाही. पुरुष मंडळी इथे हमखास टाळाटाळ करतात, "अगं वीस वर्षं लावतोय मी", पण ॲलर्जी वीस वर्षांनीही सुरू होऊ शकते, आणि दाढी-मिशीला डाय लावणार असाल तर तिथली स्किन जास्तच नाजूक असते.

थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल जे काय असेल ते किमान तीन दिवस आधी उरकून घ्या. आदल्या दिवशी वॅक्स केलेल्या स्किनवर सकाळी सनस्क्रीन, घाम आणि ऊन बसलं की जी आग होते ती मी अनुभवलीय. पहिल्यांदाच करायचं असं कुठलंही फेशियल या दिवसांत नको.

कपाळ: टिकली की कुंकू

आमच्या घराची खूण म्हणजे चंद्रकोर, सगळ्या बायकांच्या कपाळावर तीच असते आणि खरं सांगायचं तर रंगांपेक्षा तिच्यामुळेच आम्ही एका घरच्या दिसतो. पण सासूबाई वर्षानुवर्षं टिकली लावायच्या, त्याच जागेवर, रोज. हळूहळू तिथे आधी खाज मग पांढरा डाग. सगळ्यांना वाटलं कोड आलं, त्या कोणाकडे जाईनात, हळदीकुंकवाला पण नको म्हणायला लागल्या, ते बघून मला फार वाईट वाटायचं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं केमिकल असतं, ते स्किनचा रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. टिकली बंद करायला सांगितली, औषध दिलं, आता डाग बराच भरलाय. तेव्हा टिकलीखाली खाज किंवा फिका गोल दिसला तर दुसरी टिकली लावून तो झाकू नका, दाखवा.

मग चंद्रकोर कशी काढायची? सासूबाईंनीच शिकवलं, त्यांच्या आईच्या फणीकरंड्याची पद्धत. बोटाच्या टोकावर मुगाएवढं मेण घ्यायचं, दोन बोटांत चोळून मऊ करायचं, कपाळावर अगदी पातळ टेकवायचं आणि त्यावर कुंकू. मेणाने कुंकू थेट स्किनमध्ये मुरत नाही आणि घामाने ओघळत पण नाही, दुपारपर्यंत कोर तशीच्या तशी. आकारासाठी मी नवीन इअरबडचं टोक चपटं करते, आधी खालची कमान, मग दोन्ही टोकं वर निमुळती, मधे ठिपका. पहिल्या चार-पाच वेळा वाकडी येईल, आधी हातावर सराव करा. कुंकू हळकुंडापासून केलेलं घ्या, त्याचा रंग जरा मातकट लाल असतो. झगझगीत लाल-गुलाबी पिंजर, जी बोटांना लागली की दोन दिवस जात नाही, ती कपाळाला नको. सिंदूर-कुंकवात शिसं सापडल्याच्या तक्रारी होतात म्हणून सुटं, बिनालेबलचं तर नकोच.

नथ आणि दागिने

इमिटेशन दागिन्यांत बहुतेक वेळा निकेल नावाचा धातू असतो आणि घाम आला की तो जास्त त्रास देतो, ज्यांचे कान चिघळतात त्यांना हेच होत असतं. आठवडाभर आधी दागिन्याचा जो भाग अंगाला लागतो त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात देऊन पूर्ण वाळवा, ठुशीला मागून सुती कापडाची पट्टी शिवा. हा एका दिवसापुरता उपाय आहे, ज्यांना खूपच त्रास होतो त्यांनी चांदी-सोनं नाहीतर मोत्याची दोऱ्यातली माळ घालावी. दाबाची नथ तास-दीड तासाने काढून नाकाला मोकळं करा, लाल झालं असेल तर परत लावू नका. लेकीला नथ फक्त फोटोपुरती. बाळाला मणी-मोत्याचं काहीच नाही, तुटलं की पहिलं तोंडात जातं.

आदल्या रात्री

कपडे इस्त्री करून माणसागणिक हँगरला, पिना मोजून प्रत्येकाच्या वेगळ्या डबीत. पुरुषांनी दाढी रात्रीच करावी म्हणजे सकाळच्या सनस्क्रीनने चरचरत नाही. ब्रश आणि स्पंज साबणाने धुवून वाळत घाला, हे दुपारीच केलं तर उत्तम, ओला स्पंज डब्यात कोंबला तर त्यात काय काय वाढतं विचारू नका.

आता माझा लाडका भाग. माझ्याकडे मसाल्याचा एक स्टीलचा डबा आहे, खास यासाठीच आणलेला, त्यात तिखट-मसाला कधीच भरलेला नाही (वापरलेला डबा घेऊ नका, तिखटाचा अंश डोळ्यात गेला तर सण बोंबलेल). त्यातल्या सात वाट्यांवर सातजणांची नावं चिकटपट्टीने लावलेली, बाळाची वाटी नाही कारण त्याला काही लावायचंच नाही. गरम पाण्याने धुवून कोरड्या केलेल्या वाट्यांत ज्याचं त्याचं सामान काढायचं, फाउंडेशनचे थेंब, लिपस्टिकचा तुकडा चमच्याच्या दांड्याने खरवडून, आणि लावायचं ज्याच्या त्याच्या इअरबडने किंवा ब्रशने. वाटीत गेलेलं परत मूळ डबीत जात नाही. एकाच बाटलीतलं फाउंडेशन मी आणि जाऊ दोघी वापरतो तरी आमची बोटं बाटलीला लागत नाहीत.

काजळ, लायनर, मस्कारा हे मात्र वाटीतूनही शेअर करायचं नाही, ज्याचं त्याचं स्वतःचं, नसेल तर न लावलेलं बरं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून डोळे येण्याची साथ कशी पसरली होती आठवतंय ना. कोणाच्या ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आले असतील तर त्याची लिपस्टिक वेगळी, नंतर ती कांडी कोणाला द्यायची नाही.

पहाटे साडेचार

क्रम पाठ करून टाका, मग गोंधळ होत नाही. अंघोळ, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, आठ-नऊ वाजता ऊन चांगलंच तापतं, त्यामुळे सनस्क्रीन सगळ्यांना, एसपीएफ ३० किंवा वरचं, बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी. मान, कान, पावलांची वरची बाजू, सासऱ्यांचं टक्कल सुद्धा. झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरट दाखवतं, पण ही यात्रा दिवसाची आहे, फ्लॅश लागत नाही, लेकीला मी तेच लावते.

मग जे कपडे डोक्यातून घालायचे ते आधी, कुर्ते, परकर-पोलक्याचं पोलकं. मेकअपनंतर घातले तर अर्धा बेस कॉलरला. लेन्स लावणाऱ्यांनी हात धुवून लेन्स मेकअपच्या आधी लावायची. मग बेस, डोळे, ओठ, मग केस, मग नऊवारी, मग दागिने, सगळ्यात शेवटी कुंकू आणि गजरा. बेस अगदी पातळ ठेवा, घामात जाड थर फाटतो, ओल्या स्पंजने दाबत लावला आणि टी झोनवर, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटीवर, थोडी पावडर की झालं. सासूबाईंना मी बेस लावतच नाही, वयाने स्किन पातळ होते, सुरकुत्यांत पावडर बसून चेहरा उलट थकलेला दिसतो, नुसतं मॉइश्चरायझर, विटकरी लिपस्टिक, कुंकू आणि पांढऱ्या अंबाड्यावर मोगरा. दर वर्षी सगळ्यात देखण्या त्याच दिसतात.

हेअरस्प्रे मारताना जवळ निरांजन, समई, उदबत्ती पेटलेली नको, स्प्रे आणि नेलपॉलिश रिमूव्हर दोन्ही भडकन पेट घेतात. सणाच्या पहाटे देवघरात दिवा असतोच, म्हणून आमच्याकडे स्प्रे बाल्कनीत. चमकी हवी असेल तर मेकअपचीच घ्या, क्राफ्टची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

लेकरं

लेकीला बेस नाही, काजळ नाही, ओठांना पेट्रोलियम जेली, कपाळाला चंद्रकोर, दोन वेण्या आणि अबोलीचा गजरा. ती मागे लागते लिपस्टिकसाठी, मग ओठांच्या मधे इअरबडने एक टिंब आणि बोटाने पसरवायचं, तेवढ्यावर खूश.

बाळाच्या काजळावरून आमच्याकडे हमखास चर्चा होते. सासूबाई म्हणतात, "अगं, आम्ही सगळ्यांना घातलंच ना काजळ, काय झालं?" मी म्हणते, "आई, घरचं असलं तरी बोटाने डोळ्यात घालताना जंतू जातात, आणि बाजारच्या काजळ-सुरम्यात शिसं निघतं, लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. आपण तीट लावूया." मग त्या स्वतः तळपायाला तीट लावतात, दृष्ट पण लागत नाही आणि बाळाच्या हाताला ती पुसून तोंडातही जात नाही. त्यांचाही मान राहतो. टाल्कम पावडर बाळाच्या आसपास उडवू नका, श्वासात जाते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सनस्क्रीन नाही, सावली आणि सुती टोपरं. आमच्या पिल्लाला फेट्याऐवजी त्याच राणी कापडाची मऊ टोपी शिवलीय, बांधायचे बंद नाहीत, गळ्याशी काही नाही. ढोल-ताशाच्या पथकापासून त्याला लांबच ठेवायचं.

पुरुषांचे फेटे

फेटा साधारण आठ-नऊ मीटरचा असतो. भाड्याचा असेल तर आत पातळ सुती टोपी घाला, किती डोक्यांवरून आलाय माहीत नसतं. घट्ट बांधला की दोन तासांत डोकं ठणकतं, कपाळ आणि फेटा यांच्यात एक बोट सहज जायला हवं. सासऱ्यांचा अत्तराचा प्रश्न म्हणून आमच्याकडे अत्तर कोणीच लावत नाही, गजऱ्यांचा वास पुरतो.

यात्रेत

पिशवीत काय, तर पाणी, टिश्यू, सुती रुमाल, सनस्क्रीन, जास्तीच्या पिना, लेन्सची डबी, नेहमीची औषधं. घाम पुसायचा नाही, रुमाल दाबून टिपायचा. दोन तासांनी टिपून झाल्यावर सनस्क्रीन परत थापटत लावा, मेकअप थोडा हलला तर हलू दे. डोळा चुरचुरला तर चोळू नका, हात धुवून लेन्स काढा आणि डोळा स्वच्छ पाण्याने धुवा. कोणाचे ओठ, पापण्या सुजायला लागल्या किंवा श्वास लागतोय वाटलं तर घरी जाऊन बघू म्हणू नका, जवळच्या दवाखान्यात थेट.

घरी आल्यावर

दागिने आधी, मग गजरा, मग लेन्स, आणि लेन्स निघाल्यावरच मेकअप. खोबरेल तेल कापसावर घेऊन डोळे मिटून दहा सेकंद धरायचं, घासायचं नाही, मग सौम्य फेसवॉश. टिकली लावली असेल तर ओढू नका, तेलाने सैल करा. मेणही तेलानेच निघतं. मॉइश्चरायझर लावून सगळे श्रीखंड-पुरीला बसतात आणि मी वाट्या गरम पाण्यात टाकून वही उघडते, कारण दोन दिवसांनी काही आठवत नाही. गेल्या वर्षीच्या माझ्या नोंदी अशा आहेत:

आई, कपाळ ठीक, खाज नाही. बाबांना टोपी आतून घट्ट झाली, मोठी शिवणे. लेक, नथ पाच मिनिटांत काढली, पुढच्या वर्षी विचारूसुद्धा नये. जाऊची राणी शेड संपली, पाडव्याच्या महिनाभर आधी आणणे. बाळाची टोपी यंदाच लहान झाली. राणी फेट्यांचा रंग जातो, वेगळे धुणे.